जास्वंदीचा कागद

तुम्ही कधी इस्पितळातल्या खाटेवर आडवे झाला आहात का? झाला असालच, त्यातून कोण सुटलंय! मग एवढं सांगा: अंगाखालच्या पांढऱ्या चादरीचा कोपरा तुमच्याआधी कुणाच्या जिभेवर टेकला होता, हे विचारलं होतंत? नाही ना? डॉक्टरांचं शिक्षण विचारलंत, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचलीत, पंखा कुरकुरतो म्हणून वॉर्डबॉयवर डाफरलात. चादर मात्र आभाळातून पडली, अशी तुमची समजूत.

चादर आभाळातून पडत नाही. ती इस्पितळाच्या मागच्या अंगाला, ऑक्सिजनच्या नळकांड्यांच्या खोलीला लागून जी लांबोडकी पत्र्याची शेड आहे, तिथून येते. त्या लाँड्रीत चार यंत्रं होती. एकेकाचं पोट असं, की आत दोन माणसं बसून गप्पा मारतील. मळकी चादर आधी गार पाण्यातून निघायची, मग सोड्याच्या उकळत्या पाण्यातून. हा सोडा म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला गरीब सोडा नव्हे. हा कॉस्टिक. रक्त, पू, मलम, तेल, जे समोर येईल ते खाणारा. मग तीनदा साध्या पाण्यात खळबळणं, कारण सोडा कापडाला घट्ट धरून बसतो, नको असलेल्या पाहुण्यासारखा. आणि सगळ्यात शेवटी ‘आंबट’. निळ्या कॅनमधून दीड मग मोजून यंत्रात ओतायचं, की उरलासुरला सोडा गप्प होतो. का गप्प होतो, हे लाँड्रीत कुणालाही माहीत नव्हतं. होतो एवढं माहीत होतं.

आणि तो झाला की नाही, हे ठरवायची ती.

तिचं नाव हजेरीत होतं, पण ते उच्चारायची वेळ कुणावर आली नाही. सगळे तिला जीभवाली म्हणत. खेप बाहेर आली की ती वरचं एखादं कापड उचलायची, कोपरा पिळायची, जिभेच्या शेंड्याला लावायची आणि क्षणभर डोळे मिटायची. मग दोन शब्दांत निकाल. “जाऊ दे.” किंवा “फिरव परत.” त्यावर अपील नाही.

एकोणिसाव्या वर्षी ती या शेडमध्ये आली, तेव्हा हे काम थोरली नावाची एक वाळकुडी बाई करायची. थोरलीनं तिला पहिल्याच दिवशी तीन ओले कोपरे चाखायला लावले होते. “सोडा राहिला असेल तर जीभ घसरते आणि मागून कडू येतं. आंबट जास्त झालं तर दातांच्या मुळांना कळतं. आणि काहीच लागलं नाही, नुसतं ओलं लागलं, तर समजायचं, हे माणसाच्या अंगाला चालेल.” थोरली गेली आणि तिच्या जागी ही उभी राहिली. दिवसाला चाळीस खेपा, वर्षं सव्वीस. हिशेब तुम्हीच करा. तीन लाखांच्या वर कोपरे त्या एका जिभेवरून गेले. ऑपरेशनच्या टेबलावरची कापडं गेली, मंत्र्यासंत्र्यांच्या पाठीखालच्या चादरी गेल्या. कुणाला पत्ता नाही.

तिच्या बोटांच्या रेषा सोड्यानं केव्हाच खाल्ल्या होत्या. हजेरीचं नवं यंत्र बसलं तेव्हा तिनं अंगठा टेकवला, तर यंत्र म्हणालं, व्यक्ती सापडली नाही. “अगं, समोर उभी आहे की भवाने!” ती यंत्रावर खेकसली. चार वेळा टेकवला, चारही वेळा व्यक्ती सापडली नाही. शेवटी तिच्यासाठी कागदाची वही ठेवावी लागली. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. मिरवत असे.

निळ्या कॅनवर जी बाई होती ती तिची धाकटी जाऊ. दोघींची बिऱ्हाडं एकाच घरात, मध्ये प्लायवूडची फळी. सहा वर्षं एकमेकींशी बोलणं बंद. कारण एक प्रेशर कुकर. त्याची शिट्टी कुणी हरवली यावर दोन भावांच्या संसारात फूट पडली आणि शिट्टी अजून सापडलेली नाही. पण कामावर तोंड बंद ठेवून कसं चालेल? म्हणून धाकटी यंत्राशी बोलायची. “खेप झालीय म्हणावं.” आणि जीभवाली भिंतीला उत्तर द्यायची. “ऐकलं म्हणावं. बहिरी नाही झाले.” बाकीच्या बायका हसून हसून पोट धरायच्या.

त्या सोमवारी कुणी हसलं नाही.

नवजात बाळांच्या वॉर्डची सिस्टर सकाळीच खाली आली. हातात दुपट्यांचा गठ्ठा. तिनं तो लाँड्रीच्या मुकादमाच्या टेबलावर आपटला. “अकरा बाळं आहेत माझ्याकडे. अकराच्या अकरा पाठी लालभडक. एकाची तर सोलवटलीय. काय घालता तुम्ही यात?”

मुकादम मिशीनं मोठा आणि काळजानं ससा. तो आधी जीभवालीकडे वळला. “तू पास केलीस ही?”

“केली.”

“मग?”

जीभवालीची मान ताठ झाली. सव्वीस वर्षांत तिच्या निकालावर कुणी ‘मग’ म्हटलं नव्हतं. “मी खेपेतलं एक कापड चाखते, साहेब. जे चाखलं ते बरोबर होतं. माझी जीभ खोटं बोलत नाही. बाकीच्या खेपेत कुणी किती ओतलं, ओतलं की नुसतीच पळी फिरवली, ते ओतणारीला विचारा.”

धाकटी यंत्रामागून बाहेर आली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं यंत्राला मध्ये घेतलं नाही. “दीड मग! दर खेपेला दीड मग, काठोकाठ! जाऊबाई, घरातलं भांडण घरात ठेवा. बाळांच्या पाठीवर काढू नका.”

“मी कशाला काढू? कॅन तुझ्या हातात.”

“हो ना! मीच प्यायले सगळं आंबट! बघा, तोंड कसं आंबट झालंय माझं!”

मुकादमानं हात वर केले. धाकटी रोजंदारीवर होती, जीभवाली कायम. कुऱ्हाड कुठल्या फांदीवर पडणार हे शेडमधल्या मांजरालाही कळलं असतं. “शनिवारी मोठे साहेब येणार आहेत. तोवर काम कर. शनिवारी तुझा हिशोब.” एवढं बोलून तो सिस्टरच्या मागून वर पळाला.

धाकटीच्या नवऱ्याचा पाय मोडलेला, तो तीन महिने घरी. पोरगी कॉलेजात. जीभवालीला हे सगळं फळीपलीकडून ऐकू येत होतं, रोज. तरी ती आपल्या शब्दावर ठाम होती. शब्द तिचा नव्हताच, जिभेचा होता.

मंगळवारी धाकटीनं रागानं एक वेडेपणा केला. बाळांच्या दुपट्यांची पहिली खेप तिनं नेहमीसारखी दीड मगावर काढली. दुसऱ्या खेपेला मात्र मगामागून मग रिकामे केले. पाच! “घ्या,” ती यंत्राला म्हणाली, “आता तरी पोट भरेल लोकांचं.” जीभवालीनं रिकामे होणारे मग मोजले आणि दोन्ही खेपा चाखल्या. पहिली: “जाऊ दे.” दुसरी: “जाऊ दे.”

बाळांचे कपडे उन्हात वाळवायचा नियम होता. शेडबाहेर दोऱ्या होत्या आणि दोऱ्यांना लागून जास्वंदीचं कुंपण. त्या कुंपणाला लाँड्रीतली प्रत्येक बाई शिव्या घालायची, कारण वारा सुटला की फुलं ओल्या कपड्यांवर येऊन चिकटायची आणि डाग पाडायची. डाग काढायचं कामही शेवटी जीभवालीच्याच गळ्यात.

दुपारी ती दुपटी उतरवायला गेली. जागा कमी म्हणून दोन-दोन दुपटी एकावर एक दाबून चिमटे लावले होते. तिनं चिमटा काढला, दोन्ही सोडवली, आणि मधून एक चेंगरलेलं लाल फूल खाली पडलं. “आलीस का मेली कडमडायला,” म्हणत तिनं डाग बघायला दुपटी उलगडली.

आणि तशीच उभी राहिली.

एका दुपट्यावरचा डाग गुलाबी होता, ओठांसारखा. दुसऱ्यावरचा हिरवा. गवती हिरवा. फूल एकच. तेच चेंगरलेलं, लाल, आता पायाशी पडलेलं.

तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणी थट्टा तर करत नाही ना. मग कुंपणाकडे गेली, ओंजळभर फुलं तोडली आणि वेड्यासारखी घासत सुटली. या दुपट्याला पाकळी घासली, गुलाबी. त्याला घासली, हिरवी. मग तिनं कोपऱ्यांवर मारलेल्या खेपेच्या खुणा पाहिल्या. गुलाबी ती सगळी दुसऱ्या खेपेतली, पाच मगांची. हिरवी ती पहिल्या. दीड मगाची.

दोन्ही खेपा तिनं चाखल्या होत्या. दोन्हींना ‘जाऊ दे’ म्हटलं होतं. फुलाला जो फरक दिसला, तो तिच्या जिभेला लागला नव्हता.

ती हौदापाशी गेली. एका मगात साधं पाणी घेतलं, दुसऱ्यात सोड्याच्या यंत्रातलं निवलेलं पाणी चांगलं पातळ करून. डोळे मिटून दोन्ही मग उलटसुलट फिरवले आणि चाखलं. पहिला: ओलं. दुसरा: ओलं. पुन्हा चाखलं. गार, ओलं. जीभ घसरली नाही, मागून कडू आलं नाही. थोरलीनं शिकवलेलं काहीही आलं नाही.

गेले कित्येक महिने नवरा जेवताना म्हणायचा, “अगं, मीठ दोनदा घातलंस.” आणि ती म्हणायची, “तुमच्या तोंडाची चव गेलीय.”

बुधवारी ती पांढऱ्या कोटांचा गठ्ठा घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली. रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना ती कोटांवरून ओळखायची. त्यांच्या कोटाच्या बाहीला नेहमी मोहरीएवढी भोकं असायची. गठ्ठा ठेवून ती गेली नाही. पदराखालून डाग पडलेली, पुन्हा ओली केलेली दुपटी आणि मूठभर फुलं काढून टेबलावर ठेवली.

“बाई, हे फूल काय बोलतंय ते सांगा.”

बाईंनी चष्मा वर केला. डाग पाहिले. मग तिच्याकडे असं पाहिलं, की आजवर इस्पितळात तिच्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं. “हे तुला कुणी दाखवलं?”

“कुणी नाही. वाऱ्यानं.”

“बैस,” बाई म्हणाल्या. आणि स्टूल पुढे सरकवलं. सव्वीस वर्षांत त्या मजल्यावर तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. ती अर्धीच टेकली.

बाईंनी पाकळ्या गरम पाण्यात घातल्या, जांभळट पाणी गाळून घेतलं. “जगात काही वस्तू देणाऱ्या असतात आणि काही घेणाऱ्या. तुमचं आंबट म्हणजे आम्ल. ते देणारं. त्याच्याकडे हायड्रोजनचा एक इवलासा कण असतो. इतका लहान, की तुझ्या नखावर किती मावतील हे मोजायला आयुष्य पुरणार नाही. समोर घेणारा दिसला की आम्ल तो कण त्याच्या हातावर ठेवतं. तुमचा सोडा म्हणजे आम्लारी. तो घेणारा. हावरा. फुलातला रंग या देण्याघेण्याचा साक्षीदार. देणारे जास्त झाले की गुलाबी, घेणारे जास्त झाले की हिरवा.”

“एक देणारा, एक घेणारा,” जीभवाली म्हणाली. “बरं आहे त्यांचं. आमच्या घरात दोघीही घेणाऱ्या.”

बाई हसल्या. त्यांनी काचेच्या चंबूत सोड्याचं पाणी घेतलं, फुलाचे थेंब टाकले; हिरवंगार. वर उभ्या नळीत आम्ल भरलं, नळीची तोटी जराशी सैल केली. टप. थेंब पडला तिथं क्षणभर गुलाबी ठिपका उमटला आणि हिरव्यात बुडाला. टप. पुन्हा बुडाला. “बघत राहा. पापणी हलवू नकोस.” वीस थेंब, तीस, चाळीस, सोडा सगळं गिळत गेला. जीभवालीनं टेबलाची कड धरली होती. आणि मग एक थेंब पडला, बाकीच्या थेंबांसारखाच, आणि तो गुलाबी ठिपका बुडायच्या ऐवजी पसरला. बाईंनी चंबू हलवला. सगळं पाणी एका दमात गुलाबी झालं.

“एका थेंबानं?” ती चंबूवर वाकली.

“एका थेंबानं. हात लाव बाहेरून.”

काच कोमट होती. खाली शेगडी नव्हती, काही नव्हतं. “दोघं भेटले की ऊब निघते,” बाई म्हणाल्या. “आणि भेटल्यावर दोघांपैकी कुणीच उरत नाही. काय उरतं सांग.”

बाईंनी पुन्हा तेवढाच सोडा आणि मोजून तेवढंच आम्ल घेतलं, या वेळी फुलाशिवाय, आणि बशीत घालून तापवलं. पाणी उडालं. तळाशी पांढरी भुकटी राहिली.

“मीठ,” बाई म्हणाल्या. “पाणी आणि मीठ. तू जेवणात घालतेस तेच.”

जीभवाली बशीकडे बघत राहिली. एक कातडी सोलणारा, दुसरं कोटाला भोकं पाडणारं. दोघांना एकत्र घातलं, तर मीठ? सव्वीस वर्षं रोज चाळीस वेळा तिच्या समोर, त्या पत्र्याच्या शेडमध्ये, यंत्राच्या पोटात असंच काहीतरी घडत होतं, आणि तिनं फक्त त्याचं उष्टं चाखलं होतं! सवयीनं तिचं बोट बशीकडे गेलं आणि जिभेकडे निघालं. बाईंनी फाडकन हातावर मारलं.

“खबरदार! इथलं काही तोंडात घालायचं नाही. आणि तिथलंही. तुला ठाऊक आहे का, सोडा हाताला बुळबुळीत का लागतो?”

“तो असतोच बुळबुळीत.”

“नाही. तो तुझ्या कातडीतल्या तेलाचा साबण करतो. ती बुळबुळ तुझीच. तुझ्या बोटांची, तुझ्या जिभेची.”

ती अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून पाहत राहिली. रेषा नसलेली बोटं. तर त्या रेषा कुठं गेल्या ते आज कळलं.

मग बाईंनी एक कागदाची पट्टी हिरव्या डागाच्या दुपट्याला लावली आणि सामू, म्हणजे आम्ल किती नि आम्लारी किती याची मोजपट्टी, समजावला. शून्य ते चौदा. सात म्हणजे शुद्ध पाणी. खाली उतरावं तसं आम्ल, वर चढावं तसं आम्लारी. दुपटं दहावर होतं.

“तीनच पायऱ्या वर ना? मग एवढं काय!”

“एक पायरी म्हणजे दहापट. तीन पायऱ्या म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा.”

जीभवालीनं बोटांवर केलं, मग थांबली. “हजार?”

“हजार. आणि बाळाची कातडी जन्मताना जवळजवळ पाण्यासारखी असते, सातच्या थोडी खाली. मग थोड्या दिवसांत ती आपली आपण आंबट व्हायला लागते. पाच-साडेपाचापर्यंत उतरते. ती आंबट झाली की जंतूंना सहज आत शिरता येत नाही. ते तिचं पहिलं चिलखत. ते तयार होण्याआधीच तुमच्या दुपट्यानं तिला गाठलं.”

“कोण शिकवतं त्या कातडीला आंबट व्हायला?”

“कुणी नाही.”

दोन दिवसांचं पोर, डोळे धड उघडत नाहीत, आणि कातडी मात्र आपलं काम सुरू करते. तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, “बाई, माझी जीभ गेलीय.”

बाईंनी नळी बाजूला ठेवली. “सोड्यानं असेल, वयानं असेल, दोन्हींनी असेल. घशाच्या डॉक्टरांना दाखवू. पण खाली आंबट कमी का पडतंय, हे आधी शोधायला हवं. कॅन बदलला होता का मध्ये?”

बदलला होता. महिन्याभरापूर्वी नवा कॅनवाला आला होता. कॅन तसेच निळे, चिठ्ठीही तशीच. जुन्या आंबटाचा थेंबही लाँड्रीत उरला नव्हता. पण तो कुठे उरला होता, हे जीभवालीला चांगलं माहीत होतं. धाकटी मोरी घासायला कॅनांच्या तळाशी उरलेलं आंबट घरी न्यायची. फळीपलीकडून वास यायचा.

त्या संध्याकाळी ती फळीपाशी जाऊन उभी राहिली. सहा वर्षांनी फळीवर टकटक केली.

“कोण मेलंय?” पलीकडून आवाज आला.

“मीच. अजून मेले नाही. जुन्या आंबटाचा तळ आहे का गं तुझ्याकडे?”

“वा! आता चोरीही माझ्याच नावावर का?”

“नाही गं. तुझं नाव पुसायचंय.”

पलीकडे भांड्यांची खुडबूड झाली. फळीच्या खालच्या फटीतून एक लहान बाटली सरकत आली. तिच्या बुचाला सुतळीनं काहीतरी बांधलेलं होतं. जीभवालीनं उजेडात धरून पाहिलं. प्रेशर कुकरची शिट्टी.

“कधी सापडली?”

“पाच वर्षं झाली,” फळी म्हणाली. “द्यायचं राहून गेलं.”

गुरुवारी बाईंनी दोन्ही आंबटं नळीत घालून मोजली. चंबूतला तेवढाच सोडा गप्प करायला जुन्याचे दहा भाग लागले, नव्याचे एकतीस. धाकटी दर खेपेला इमानानं दीड मग ओतत होती. मगातलं आंबटच पाणी होतं. बाईंनी तशी चिठ्ठी लिहून दिली. प्रश्न सुटला, असं तुम्हाला वाटेल. तिलाही वाटलं. तिला वाटलं, चिठ्ठी पुढे करायची, धाकटी सुटेल, जिभेचं कुणाला सांगायची गरजच काय!

पण शनिवारी मोठ्या साहेबांसमोर कॅनवाला स्वतः हजर होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यानं चिठ्ठी वाचली आणि हसला. “साहेब, नळीतलं कमीजास्त होतं हो. तुमच्याकडे तर सव्वीस वर्षांची जीभ आहे. महिनाभर त्याच जिभेनं माझ्या मालाची प्रत्येक खेप पास केलीय. माल पातळ असता तर ही बाई गप्प बसली असती? विचारा तिला. बोला मावशी, तुमची जीभ चुकते का?”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. धाकटीची नाही, ती खाली बघत होती, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत.

काय सोपं होतं! ‘नाही चुकत,’ एवढे दोन शब्द. निकाल द्यायची तिची तऱ्हाच दोन शब्दांची. सव्वीस वर्षांची इज्जत त्या दोन शब्दांत शाबूत राहिली असती, आणि कॅनवाल्याचा कॅनही.

“साध्या पाण्याचे तीन मग आणा,” ती म्हणाली.

मुकादमानं आणले. “साहेब, मी पाठ करते. कुठल्याही एका मगात चिमूटभर सोडा टाका.” ती वळून उभी राहिली. साहेबांनी टाकला, ढवळला. ती वळली, एकेक चाखलं. शेडमध्ये यंत्रंही त्या वेळी बंद होती.

“मधला,” ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. “डावीकडचा.”

कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. तिनं खळखळून चूळ भरली, थुंकली, आणि पदराखालून फुलाच्या जांभळट पाण्याची बाटली काढली. “मला माहीत होतं चुकणार ते. ही जीभ मेलीय, साहेब. कधी मेली मलाही कळलं नाही. मेलेल्या जिभेनं मी अकरा बाळांच्या पाठी पास केल्या आणि माझ्या जावेला खोटं पाडलं. तिचा मग भरलेला होता. आता ज्याची जीभ मेलेली नाही त्याला विचारा.”

तिनं तिन्ही मगांत ते जांभळट पाणी ओतलं. उजवा तसाच. मधला तसाच. डावा हिरवा.

सगळ्या बायका एक पाऊल पुढे आल्या. साहेबांनी मग उचलून उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग तिनं नव्या कॅनमधलं आंबट थेंबाथेंबानं त्या हिरव्यात सोडलं. हिरवं हटेना. थेंबामागून थेंब, हटेना. कॅनवाल्याच्या कपाळावर घाम आला. मग धाकटीच्या बाटलीतलं जुनं आंबट, मोजके थेंब, आणि अख्खा मग गुलाबी झाला. “आई गं!” कुणीतरी म्हणालं. ते धाकटी म्हणाली होती.

कॅनवाला त्या दिवसानंतर दिसला नाही. बाळांच्या पाठी बऱ्या झाल्या. सोलवटलेल्यालाही आठ दिवसांत नवी कातडी आली. धाकटी राहिली. आणि साहेबांनी मिशीवाल्याकडे बघत विचारलं, “मग या बाईंचं काम काय आता?” तेव्हा मुकादमाच्या आधी धाकटी बोलली, थेट, यंत्राला न सांगता. “फुलं कोण तोडणार, साहेब? मला काटे टोचतात.”

“जास्वंदीला काटे नसतात,” साहेब म्हणाले.

“नसतात?” धाकटी म्हणाली. “मग तर फारच सोपं काम आहे. जाऊबाई करतील.”

जीभवाली अजून तिथंच आहे. नाव तेच राहिलं, पण आता तिच्या जागेपाशी एक दोरी आहे आणि तिच्यावर फुलाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या जांभळट कागदाच्या पट्ट्या. प्रयोगशाळेतल्या बाई विकतच्या पट्ट्याही पाठवतात. त्या संपल्या की महिनोन्‌महिने येत नाहीत. कुंपण संपत नाही. त्या कुंपणाला आता कुणी शिव्या देत नाही. नवी बाई कामाला आली की जीभवाली तिला पहिल्या दिवशी तीन ओले कोपरे देते, थोरलीसारखेच, आणि तीन पट्ट्या. रंग फिरला की त्या नव्या बाईच्या तोंडाचा जो आ होतो, तो बघायला ती काम थांबवते. जिभेची चव परत आली नाही. जेवणात मीठ आता नवरा घालतो.

तर आता एवढं करा. एक जास्वंद आणा, पाकळी पांढऱ्या कागदावर घासा. अर्ध्यावर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा, अर्ध्यावर लिंबू पिळा, आणि बघत राहा. जिभेला लावू नका. आणि पुढच्या वेळी इस्पितळातल्या खाटेवर पडाल, तेव्हा डॉक्टरांचं नाव विचारून झालं की चादरीचा कोपरा हातात धरून सिस्टरना एवढंच विचारा: ही कुणी धुतली?